निवडलेला आणि कॉपी केलेला मजकूर एका विंडोतून दुसऱ्या विंडोत बिनचूक कसा न्यावा

संगणकावर मराठीत काम करणाऱ्याचा मजकूर दिवसभर एका विंडोतून दुसऱ्या विंडोत जात असतो. ब्राउझरमधला उतारा वर्डमध्ये जातो, एक्सेलमधली यादी ईमेलमध्ये जाते, पीडीएफमधले कलम टिपणात उतरवले जाते. या प्रवासात काही बिघाड वारंवार होतात: पेस्ट केल्यावर भलताच जुना मजकूर उमटतो, अक्षरांचा आकार आणि रंग बदलतो, वेलांट्या जागा सोडतात, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य होतात. यातल्या प्रत्येकाला ठरावीक कारण आहे आणि बहुतेकांवर सोपा उपायही आहे. मात्र तो उपाय समजण्यासाठी कॉपी केलेला मजकूर नेमका कोठे असतो आणि कोणत्या रूपात असतो, हे आधी पाहावे लागते. नुसत्या कळी पाठ करून हे प्रश्न सुटत नाहीत, म्हणून या मार्गदर्शिकेत कळींइतकेच महत्त्व कारणांना दिले आहे.

निवड आणि कॉपी या दोन वेगळ्या अवस्था

मजकुरावरून माऊस ओढला की तो भाग रंगीत होतो. ही झाली निवड. विंडोज आणि मॅक या दोन्ही प्रणालींत निवड त्या त्या विंडोपुरती असते. एकाच वेळी तीन विंडोंत तीन वेगळे उतारे निवडलेले असू शकतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. निवडलेल्या मजकुराची दखल इतर प्रोग्रॅम घेत नाहीत. ‘कंट्रोल + सी’ (मॅकवर ‘कमांड + सी’) दाबल्यावरच तो मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी तात्पुरती ठेवण्याच्या जागेत, जातो, आणि क्लिपबोर्ड मात्र सगळ्या विंडोंना मिळून एकच असतो. नवी कॉपी केली की आधीची पुसली जाते. निवडून ठेवलेल्या मजकुरावर पेस्ट केले तर तो निवडलेला मजकूर जाऊन त्याच्या जागी नवा येतो. पेस्ट करण्यापूर्वी कर्सर कोठे आहे आणि काही निवडलेले तर नाही ना, हे पाहण्याची सवय त्यामुळेच लावून घ्यावी. अनवधानाने मजकूर गेलाच, तर दुसरे काहीही करण्याआधी ‘कंट्रोल + झेड’ दाबावे.

कट, कॉपी आणि पेस्ट या क्रियांना आजचे स्वरूप देण्यात लॅरी टेस्लर यांचा मोठा वाटा आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पार्क या संशोधन केंद्रात टिम मॉट यांच्यासह त्यांनी जिप्सी नावाचा मजकूर-संपादक तयार केला. पुढे ॲपल कंपनीच्या १९८३ च्या लिसा संगणकामार्फत आणि त्यानंतर मॅकिंटॉशमार्फत ही पद्धत सर्वसामान्य वापरात आली. त्या वेळची मूळ कल्पना आजही तशीच आहे, पण क्लिपबोर्डच्या आतला व्यवहार पुष्कळ गुंतागुंतीचा झाला आहे.

हा व्यवहार नीट समजून घ्यावा. वर्डमधून किंवा ब्राउझरमधून एखादा परिच्छेद कॉपी केला की तो एकाच रूपात क्लिपबोर्डवर जात नाही. साधा युनिकोड मजकूर (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला एक ठरलेला क्रमांक देणारी पद्धत म्हणजे युनिकोड), रंग-आकार-दुवे यांसह असलेला एचटीएमएल म्हणजे वेबपृष्ठांच्या मांडणीतला मजकूर, आरटीएफ नावाच्या मांडणीतला मजकूर आणि कधी कधी चित्र अशी अनेक रूपे एकाच वेळी उपलब्ध करून दिली जातात. पेस्ट करणारा प्रोग्रॅम त्यांतले स्वतःला झेपणारे आणि शक्यतो सर्वांत सविस्तर असलेले रूप उचलतो. एक्सेलमधल्या त्याच दहा ओळी वर्डमध्ये तक्ता होऊन आणि साध्या संपादकात टॅबने विलग झालेल्या ओळी होऊन का येतात, याचे उत्तर येथे आहे. कॉपी एकच असते, घेणारा वेगळा असतो.

दुसरी गोष्ट अशी की कॉपी करणारा प्रोग्रॅम सगळी रूपे लगेच तयार करून ठेवतोच असे नाही. कोणी मागितले तर तयार करून देईन, एवढेच तो प्रणालीला कळवतो. मोठा तक्ता कॉपी करून एक्सेल बंद करताना क्लिपबोर्डवरचा मोठा मजकूर ठेवायचा की नाही, असा प्रश्न पूर्वीपासून विचारला जातो तो यामुळेच. म्हणून ज्या विंडोतून कॉपी केले ती विंडो पेस्ट पूर्ण होईपर्यंत उघडी ठेवावी. विंडोजमध्ये हा नियम मोडला तरी सहसा निभावते, लिनक्सवर निभावेलच असे नाही. एक्सेलपुरती आणखी एक काळजी आहे: कॉपी केलेल्या सेलांभोवती हलती तुटक रेघ दिसते तोपर्यंतच ती कॉपी पूर्ण स्वरूपात जिवंत असते. एस्केप कळ दाबली की ती संपते, आणि अनेक आवृत्त्यांत दुसऱ्या सेलमध्ये काही टंकले तरीही संपते.

निवड नेमकी करण्याच्या पद्धती

मोठा मजकूर माऊस ओढत निवडू नये. पान वेगाने सरकते, हात सुटतो आणि निवड अर्ध्यावर राहते. त्याऐवजी मजकुराच्या आरंभी एकदा क्लिक करावे, पान शेवटापर्यंत सरकवावे आणि शिफ्ट कळ दाबून धरून शेवटी क्लिक करावे. मधला सगळा मजकूर निवडला जातो. ही युक्ती ब्राउझर, वर्ड, लिब्रेऑफिस, ईमेल अशी जवळजवळ सर्वत्र चालते. शेवटची जागा चुकली तर सगळे नव्याने करण्याची गरज नसते. शिफ्ट दाबून योग्य जागी पुन्हा क्लिक केले की निवडीचे टोक तेथे सरकते. दोनदा क्लिक केल्यास शब्द आणि तीनदा केल्यास बहुतेक ठिकाणी परिच्छेद निवडला जातो. ‘शिफ्ट’सह बाणाच्या कळी वापरल्यास एकेक अक्षर, आणि ‘कंट्रोल + शिफ्ट’सह वापरल्यास एकेक शब्द निवडीत येतो.

मराठीत प्रत्यय शब्दाला जोडून येतात. ‘महानगरपालिकेच्या’ या शब्दातला ‘च्या’ तेवढाच निवडायचा असेल तर माऊसपेक्षा कळफलक अधिक खात्रीचा आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये बाणाची कळ मात्रेसह पूर्ण अक्षर ओलांडते, म्हणजे ‘कि’ची वेलांटी तेवढीच निवडता येत नाही. फक्त वेलांटी काढायची असल्यास कर्सर त्या अक्षराच्या नंतर ठेवून बॅकस्पेस दाबावे. ती कळ शेवटचे चिन्ह एकट्याने काढते, तर डिलीट कळ पुढचे संपूर्ण अक्षर काढून टाकते. वर्डमध्ये निवड शब्दाच्या टोकापर्यंत आपोआप पसरत असेल तर ऑप्शन्समधील ॲडव्हान्स्ड विभागात जाऊन संपूर्ण शब्द आपोआप निवडण्याची सोय बंद करावी. मराठी मजकुराचे संपादन करणाऱ्या प्रत्येकाने हे करावेच, असे मी आग्रहाने सांगेन.

उभा पट्टा निवडायचा असल्यास, उदाहरणार्थ यादीतले अनुक्रमांक तेवढे काढायचे असल्यास, वर्डमध्ये आणि नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘ऑल्ट’ दाबून माऊस ओढावा. लिब्रेऑफिस रायटरमध्ये ‘कंट्रोल + शिफ्ट + एफ८’ने ही पद्धत सुरू होते. विखुरलेले तुकडे एकत्र निवडायचे असतील तर वर्डमध्ये पहिला तुकडा निवडून मग ‘कंट्रोल’ दाबून धरत पुढचे निवडावेत.

एकापेक्षा अधिक कॉप्या सांभाळणे

क्लिपबोर्डवर एका वेळी एकच गोष्ट राहते, या मर्यादेमुळे पूर्वी दोन विंडोंमध्ये सतत ये-जा करावी लागत असे. विंडोज १० च्या २०१८ सालच्या ऑक्टोबर अद्यतनापासून क्लिपबोर्डचा इतिहास ठेवण्याची सोय प्रणालीतच आली. ‘विंडोज + व्ही’ दाबल्यावर पहिल्या वेळी ती चालू करण्याची परवानगी मागितली जाते. नंतर त्याच कळीने आधीच्या कॉप्यांची यादी उघडते. यादीत २५ नोंदी राहतात आणि एका नोंदीची मर्यादा ४ एमबी आहे. संगणक पुन्हा सुरू केला की यादी रिकामी होते, पण टाचणीच्या चिन्हाने पक्क्या केलेल्या नोंदी टिकतात. कार्यालयाचा पत्ता, पत्राचा ठरलेला मायना, जीएसटी क्रमांक अशा गोष्टी पक्क्या करून ठेवल्यास रोजचे पुष्कळ टंकन वाचते.

या सोयीमुळे कामाची रीतच बदलता येते. एका पीडीएफमधून सात संदर्भ घ्यायचे असतील तर सातही आधी ओळीने कॉपी करावेत, मग लेखाच्या विंडोत जाऊन यादीतून एकेक जागेवर ठेवावेत. ‘विंडोज + शिफ्ट + एस’ने पडद्याचे चित्र घेतले तरी ते क्लिपबोर्डवर जाऊन आधीचा मजकूर मागे ढकलते, इतिहास चालू असेल तर तो मजकूर हरवत नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा स्वतःचा निराळा क्लिपबोर्ड आहे. होम टॅबमधील क्लिपबोर्ड गटाच्या कोपऱ्यातल्या लहान बाणावर क्लिक केल्यास तो बाजूला उघडतो आणि त्यात २४ नोंदी मावतात. त्यातल्या सगळ्या नोंदी ओळीने एकदम पेस्ट करता येतात, जे विंडोजच्या यादीत करता येत नाही. वर्डमधला स्पाइक हाही उपयोगी आहे: ‘कंट्रोल + एफ३’ने कापलेले तुकडे साठत जातात आणि ‘कंट्रोल + शिफ्ट + एफ३’ने सगळे एकत्र उतरतात. लांब लेखातले विखुरलेले परिच्छेद एका ठिकाणी गोळा करायला यासारखे साधन नाही.

मॅकवर ‘कंट्रोल’ऐवजी ‘कमांड’ कळ असते. मजकूर-संपादनात ‘कंट्रोल + के’ने कापलेला आणि ‘कंट्रोल + वाय’ने परत आणलेला मजकूर क्लिपबोर्डपासून स्वतंत्र राहतो, ही कमी जणांना ठाऊक असलेली दुसरी जागा तेथे मिळते.

केवळ मजकूर हवा असेल तेव्हा

ब्राउझरमधून वर्डमध्ये पेस्ट केल्यावर निळे दुवे, राखाडी पार्श्वभूमी आणि परका फॉन्ट येतो, कारण वर्डने एचटीएमएल रूप उचललेले असते. आपल्याला साधे रूप हवे आहे, हे त्याला सांगावे लागते. क्रोम, फायरफॉक्स आणि इतर अनेक प्रोग्रॅममध्ये त्यासाठी ‘कंट्रोल + शिफ्ट + व्ही’ वापरतात. वर्डमध्ये ही कळ २०२३ पासूनच्या आवृत्त्यांत या कामासाठी आली; जुन्या वर्डमध्ये नेहमीप्रमाणे पेस्ट करून लगेच ‘कंट्रोल’ आणि मग ‘टी’ दाबल्यास केवळ मजकूर उरतो. लिब्रेऑफिसमध्ये ‘कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + व्ही’ आणि मॅकवर ‘ऑप्शन + शिफ्ट + कमांड + व्ही’ अशी जोडणी आहे.

प्रत्येक वेळी हे करण्यापेक्षा वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड विभागातील कट, कॉपी आणि पेस्टच्या शीर्षकाखाली एकदाच ठरवून टाकणे बरे. तेथे चार परिस्थितींसाठी चार वेगळे पर्याय आहेत: त्याच दस्तऐवजात, दोन दस्तऐवजांमध्ये, दोन्हींच्या शैली जुळत नसताना, आणि इतर प्रोग्रॅममधून आणताना. इतर प्रोग्रॅमसाठी केवळ मजकूर ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि त्याच दस्तऐवजासाठी मूळ मांडणी तशीच राहू द्यावी. एवढे मात्र ध्यानात असावे की साध्या रूपात तिरपा ठसा, तळटिपा, तक्ते आणि दुवे हे सगळे जाते. संशोधनपर लेखाचा उतारा अशा रीतीने आणला तर तळटिपांचे आकडे मजकुरात मिसळलेले दिसू शकतात. तेथे मांडणी एकरूप करण्याचा मधला पर्याय योग्य ठरतो.

पेस्ट केलेल्या मराठीचा फॉन्ट किंवा आकार बदलूनही बदलत नाही, ही तक्रार वर्डमध्ये नेहमी येते. वर्ड देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार रोमन लिपीपासून वेगळे नोंदवतो. ‘कंट्रोल + डी’ने फॉन्टची चौकट उघडावी आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स या भागात फॉन्ट व आकार निवडावा. लिब्रेऑफिसमध्येही हीच विभागणी आहे.

जुने फॉन्ट, पीडीएफ आणि मराठीची खास अडचण

साधा मजकूर म्हणून पेस्ट करावे, हा सल्ला एका ठिकाणी मात्र घात करतो. युनिकोड रुळण्यापूर्वी महाराष्ट्रातल्या छापखान्यांत आणि कार्यालयांत श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये काम होत असे, आणि अशा फायली आजही पुष्कळ आहेत. त्यांत साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन चिन्हेच असतात. त्या चिन्हांना देवनागरी आकार देण्याचे काम फॉन्ट करतो. असा मजकूर मांडणीसह पेस्ट केला तर फॉन्टचे नाव बरोबर जाते आणि मराठी दिसत राहते. साध्या रूपात पेस्ट केला की फॉन्ट सुटतो आणि अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे उरतात. मजकूर बिघडलेला नसतो, त्याचे खरे रूप उघडे पडलेले असते.

म्हणून जुन्या फाइलमधला मजकूर हाती आला की प्रथम त्यातली एक ओळ नोटपॅडसारख्या साध्या संपादकात पेस्ट करून पाहावी. देवनागरी दिसली तर तो युनिकोड आहे आणि कोठेही नेता येईल. रोमन चिन्हे दिसली तर त्या विशिष्ट फॉन्टसाठी असलेल्या परिवर्तकातून तो आधी युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तकाला फॉन्टचे नेमके नाव सांगावे लागते, कारण प्रत्येक फॉन्टची चिन्हांची वाटणी वेगळी असते. मजकुरात इंग्रजी शब्द मिसळलेले असतील तर ते वेगळे काढून मगच परिवर्तन करावे, नाहीतर त्यांचीही देवनागरी होऊन बसते. परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ ही अक्षरे एकेक करून तपासावीत. चुका बहुधा तेथेच राहतात.

पीडीएफची गोष्ट वेगळी आहे. पीडीएफमध्ये मजकूर छपाईच्या आकारांच्या क्रमाने ठेवलेला असतो आणि कोणता आकार म्हणजे कोणते युनिकोड चिन्ह, याचा तक्ता त्यासोबत असावा लागतो. हा तक्ता अपुरा असला की कॉपी केलेल्या मजकुरात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी पडते, जोडाक्षरे गळतात, रफार भलत्या अक्षरावर जातो. पडद्यावर पीडीएफ निर्दोष दिसते आणि पेस्ट केल्यावरच दोष कळतो. कॉपी करण्यापूर्वीची सोपी परीक्षा अशी: पीडीएफमध्ये ‘कंट्रोल + एफ’ने शोध उघडावा आणि समोर दिसत असलेला, वेलांटी व जोडाक्षर असलेला एखादा शब्द टंकून शोधावा. सापडला तर कॉपी बहुधा नीट होईल. सापडला नाही तर तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये, उदाहरणार्थ फायरफॉक्समध्ये किंवा क्रोममध्ये, उघडून पाहावी, कारण मजकूर बाहेर काढण्याची प्रत्येकाची पद्धत थोडी निराळी असते. तेही फसले तर प्रतिमेतून अक्षरे ओळखण्याचा मार्ग उरतो. गूगल ड्राइव्हमधली पीडीएफ गूगल डॉक्समध्ये उघडल्यास ते काम होते, आणि टेसरॅक्ट या मुक्त साधनातही मराठी उपलब्ध आहे. मुद्रितशोधन मात्र डोळ्यांनीच करावे लागते.

दिसत नसलेल्या चिन्हांचाही उल्लेख करायला हवा. ‘दऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एकात स्वतंत्र ‘ऱ’ वापरलेला असतो, दुसऱ्यात साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. दोन्ही दिसायला सारखे असतात, पण शोध घेताना वेगळे ठरतात. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेला मजकूर एकत्र केल्यावर एखादा शब्द सगळीकडे बदलायचा असेल, तर तो टंकून शोधण्याबरोबरच मजकुरातूनच कॉपी करून शोधाच्या चौकटीत पेस्ट करावा आणि दोन्ही प्रकारांनी शोध घ्यावा.

पानांची मांडणी करणाऱ्या इनडिझाइन या प्रोग्रॅममध्ये युनिकोड मराठी पेस्ट केल्यावर जोडाक्षरे फुटली, तर परिच्छेदाच्या पर्यायांत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा. मजकूर बरोबर आलेला असतो, फक्त तो जुळवणारी यंत्रणा देवनागरीसाठीची नसते.

लिनक्सवरील दोन स्वतंत्र जागा

लिनक्सवर वेगळी परंपरा आहे. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत निवड हीच एक प्रकारची कॉपी असते. मजकूर नुसता निवडला की तो प्रायमरी नावाच्या जागेत उपलब्ध होतो आणि माऊसचे मधले बटण दाबले की पॉइंटर असेल तेथे उमटतो. ‘कंट्रोल + सी’ आणि ‘कंट्रोल + व्ही’ यांची क्लिपबोर्ड ही जागा त्याहून स्वतंत्र असते. म्हणजे एका वेळी दोन वेगळे मजकूर हाताशी ठेवता येतात: पत्ता ‘कंट्रोल + सी’ने कॉपी करावा, नाव नुसते निवडून ठेवावे, आणि दुसऱ्या विंडोत दोन्ही आपापल्या मार्गाने उतरवावेत. सवय झाल्यावर ही सोय सोडवत नाही.

पण तिची एक अट आहे. प्रायमरीमध्ये सर्वांत अलीकडची निवडच राहते, मग ती कोणत्याही विंडोत केलेली असो. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत जुना पत्ता आहे आणि त्या जागी दुसऱ्या विंडोत निवडलेला पत्ता आणायचा आहे, असे समजा. पट्टीतला जुना पत्ता पुसण्यासाठी तो निवडला, की प्रायमरीमध्ये तोच जाऊन बसतो आणि मधले बटण दाबल्यावर पुन्हा तोच उमटतो. जेथे आधीचा मजकूर निवडून बदलायचा आहे तेथे नेहमी ‘कंट्रोल + सी’चा मार्ग घ्यावा, मधले बटण रिकाम्या जागेत किंवा मजकुराच्या मध्ये घालण्यासाठी राखावे.

चुकून पेस्ट होण्याचा त्रास टचपॅडवर अधिक होतो, कारण तीन बोटांची टिचकी हेच तेथे मधले बटण असते. ग्नोम या लिनक्सवरील डेस्कटॉपमध्ये ट्विक्स या साधनातून मधल्या बटणाचे पेस्ट बंद करता येते. केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये क्लिपर नावाचा इतिहास-व्यवस्थापक अंगभूत असून ‘मेटा + व्ही’ने त्याची यादी उघडते (मेटा म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ). प्रायमरी आणि क्लिपबोर्ड एकच ठेवण्याचा पर्याय त्यात आहे, परंतु तो बंदच ठेवावा, नाहीतर प्रत्येक निवडीबरोबर मुद्दाम केलेली कॉपी नष्ट होईल. क्लिपबोर्ड रिकामा होऊ न देण्याचा पर्याय मात्र चालू असावा. लिनक्सवर कॉपी केलेला मजकूर मूळ प्रोग्रॅमच्याच ताब्यात असतो आणि तो प्रोग्रॅम बंद झाला की मजकूरही जातो. असा व्यवस्थापक तो आधीच उतरवून घेतो. एक्सच्या जागी येत असलेल्या नव्या वेलँड प्रणालीत मागे असलेल्या विंडोला क्लिपबोर्ड वाचता येत नाही, त्यामुळे एक्ससाठी लिहिलेली इतिहासाची काही जुनी साधने तेथे चालत नाहीत.

विम हा मजकूर-संपादक वापरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की एक्सवर तारा-चिन्हाचे रजिस्टर (त्यातली मजकूर ठेवण्याची जागा) प्रायमरीशी आणि अधिक-चिन्हाचे रजिस्टर क्लिपबोर्डशी जोडलेले असते. विंडोजवर दोन्ही एकच आहेत.

एक्सेलमध्ये आकडे पेस्ट करताना

येथे होणारे नुकसान दिसत नाही म्हणून ते अधिक गंभीर आहे. पेस्ट होताना एक्सेल प्रत्येक मजकुराकडे संख्या किंवा तारीख म्हणून पाहतो. इंग्रजी अंकांत लिहिलेला ७/१२ हा सातबाराचा उल्लेख भारतीय तारीखपद्धतीत ७ डिसेंबर होतो, गट क्रमांक १२/३ हा १२ मार्च होतो, नाशिकच्या ०२५३ या दूरध्वनी संकेतांकातले पहिले शून्य जाते. संख्येचे पहिले १५ अंकच एक्सेल जपतो, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. तारीख झालेला सेल नंतर टेक्स्ट प्रकारात बदलला तरी मूळ आकडे परतत नाहीत. तेथे पाच अंकी क्रमसंख्या दिसू लागते.

उपाय पेस्ट करण्यापूर्वीच करावा लागतो. स्तंभ निवडून त्याचा प्रकार आधी टेक्स्ट करावा आणि मग पेस्टच्या पर्यायांतून गंतव्य स्थानाची मांडणी जुळवणारा पर्याय घ्यावा. नुसते ‘कंट्रोल + व्ही’ केल्यास ब्राउझरमधून आलेली मांडणी स्तंभाचा ठरवलेला प्रकार पुसून टाकू शकते. उलट दिशेने, एक्सेलमधून बाहेर नेताना, हाताने लपवलेल्या ओळीही कॉपी होतात. त्या नको असतील तर निवड केल्यावर ‘ऑल्ट’सह अर्धविरामाची कळ दाबावी, म्हणजे दिसणारे सेलच निवडीत राहतात. सूत्राऐवजी उत्तर तेवढे हवे असेल तर ‘कंट्रोल + ऑल्ट + व्ही’ने पेस्ट स्पेशल उघडून व्हॅल्यूज निवडावे.

पासवर्ड, टर्मिनल आणि दूरचा संगणक

क्लिपबोर्डवर ठेवलेला मजकूर चालू असलेले इतर प्रोग्रॅम वाचू शकतात आणि इतिहास चालू असेल तर तो यादीतही दिसतो. पासवर्ड शक्यतो पासवर्ड-व्यवस्थापकातूनच कॉपी करावा. कीपासएक्ससी हा असा व्यवस्थापक मूळ मांडणीनुसार १० सेकंदांनी क्लिपबोर्ड पुसतो. दस्तऐवजातून पासवर्ड कॉपी केला असेल तर ‘विंडोज + व्ही’च्या यादीतून ती नोंद हाताने काढावी. अनेक जण वापरत असलेल्या संगणकावर इतिहास बंद ठेवावा, आणि दोन उपकरणांमध्ये क्लिपबोर्ड जुळवण्याची सोय कार्यालयीन कामासाठी विचारपूर्वकच चालू करावी. क्लिपबोर्डवरचा खाते क्रमांक किंवा क्रिप्टोचलनाचा पत्ता गुपचूप बदलणारे अपायकारक प्रोग्रॅम अस्तित्वात आहेत, म्हणून पैसे पाठवण्यापूर्वी पेस्ट झालेल्या क्रमांकाची सुरुवात आणि शेवट मूळ क्रमांकाशी ताडून पाहावा.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या विंडोत, ‘कंट्रोल + सी’ ही कळ चालू काम थांबवते, म्हणून तेथे कॉपीसाठी ‘कंट्रोल + शिफ्ट + सी’ आणि पेस्टसाठी ‘कंट्रोल + शिफ्ट + व्ही’ वापरतात. वेबपृष्ठावरची आज्ञा थेट टर्मिनलमध्ये पेस्ट करू नये. पृष्ठावर न दिसणारा मजकूरही निवडीत येऊ शकतो आणि ओळीच्या शेवटचे चिन्ह बरोबर आले तर काही टर्मिनलमध्ये आज्ञा लगेच चालू लागते. ती आधी साध्या संपादकात उतरवून वाचावी.

रिमोट डेस्कटॉपने जोडलेल्या विंडोज संगणकावर कॉपी-पेस्ट अचानक थांबले, तर दूरच्या संगणकातील टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप (rdpclip) हा प्रोग्रॅम शोधून बंद करावा आणि रन चौकटीतून त्याच नावाने पुन्हा सुरू करावा. जोडणी करतानाच स्थानिक संसाधनांच्या टॅबमध्ये क्लिपबोर्डची खूण केलेली असावी लागते. एका संगणकाच्या आत दुसरी आभासी प्रणाली चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये आतल्या प्रणालीत गेस्ट ॲडिशन्स ही पूरक साधने बसवलेली असली पाहिजेत आणि क्लिपबोर्डची दिशा ठरवलेली पाहिजे. मूळ मांडणीत ही देवाणघेवाण बंद असते. अनोळखी फायली तपासण्यासाठी ती आभासी प्रणाली ठेवली असेल, तर दोन्ही दिशा खुल्या न करता बाहेरून आत जाणारी एकच दिशा चालू करावी, आणि त्या वेळीही बाहेरच्या क्लिपबोर्डवर पासवर्ड पडलेला नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.